आमचे 130, काकूंचे 270

घरात नेट स्लो झालं की शिव्या मला, कारण राउटर माझ्या खोलीत आहे. त्यात भाचा इंजिनिअरिंगला गेल्यापासून लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून बसलाय, त्यात एअरोडंप म्हणून एक टूल, चालू केलं की काळ्या स्क्रीनवर अख्ख्या गल्लीची वायफाय रांगेत उभी. सोलापूरच्या साखर पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, स्क्रीन पुरेना.

आणि प्रत्येकापुढं 'एमबी' नावाच्या कॉलममध्ये एक आकडा. आमच्यापुढं 130, शेजारच्या काकूंपुढं 270. आईनं नेमकं तेवढंच वाचलं.

"पैसे आपण जास्त भरतो की! मग त्यांना दोनशे सत्तर कसं काय?"

भाचा सांगायला लागला की आज्जी, हा नेटचा स्पीड नाही, राउटर जास्तीत जास्त किती पळू शकतो ते तो स्वतःच हवेत ओरडून सांगत असतो, टूल फक्त लिहून घेतं. 11 दिसलं तर वायफायच्या 1999 च्या स्टँडर्डचं जुनं धूड, 54 पर्यंत असेल तर 2003 चं, त्याच्या वर नवीन. आपला प्लॅन 40 चा, तोही मेगाबिट, मेगाबाइट हवे तर आठानं भागा, डाउनलोडला सेकंदाला पाच मेगाबाइट आले तरी डोक्यावरून पाणी. आईचा चेहरा बघून बाबा पेपरातनं बोलले, "आपल्या नळाला एक इंची पाइप हाय, म्हणून पाणी रोज येतंय काय? येतंय ते चार-पाच दिवसाआडच."

हे मात्र आईला पटलं. सोलापुरात कुणालाही पटेल.

पण तोवर काकू येऊन बसलेल्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापुढं '54ई.' होतं, त्या म्हणाल्या ई म्हणजे एक्स्ट्रा असणार. नाही हो. ई म्हणजे व्हिडिओ, कॉल असल्या घाईच्या डेटाला आधी सोडायची सोय, आणि ते टिंब म्हणजे शॉर्ट प्रीअँबल चालतो, हे मी गंभीरपणे सांगितलं, प्रीअँबल म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, देव पावला. मग पॉवरचा कॉलम. तिथं सगळे उणे. उणे 40 म्हणजे सिग्नल दणकट, उणे 85 म्हणजे मरायला टेकलेला, हे सांगेपर्यंत काकूंनी एक उणे 1 शोधून काढला, "हा तर सगळ्यात भारी!" तो भारी नव्हता, त्याचा सिग्नल लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला मोजताच आला नव्हता.

खरी गंमत काकूंच्या 270 मध्येच होती. आमचा 130 वाला हवेतल्या लहरींत 20 मेगाहर्ट्झची जागा घेतो, त्यांचा 40, म्हणजे गल्लीत निम्म्या रस्त्यावर मांडव. त्यातून चॅनल म्हणजे त्या रस्त्यावरची लेन, ज्याला त्याला 6 नंबरचाच हवा, आणि एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप थांबायचं. काकूंसमोर हे बोलायची सोय नव्हती, चहा चालू होता.

त्या गेल्यावर भाच्यानं गुपचूप आमचा राउटर 6 वरून 11 वर नेला. रात्री मॅच एकदाही न अडकता चालली. आई मात्र परत लॅपटॉपसमोर.

"130 च हाय की अजून! केलास काय बे मग दिवसभर?"