सकाळचे दोन तास मी देणार नाही

आज फॅमिली ग्रुपवर माझ्यावरून जे काही झालं त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण तिथे आत्या आहेत, काका आहेत, मोठ्यांसमोर वाद नको. पण डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. लांब होईल.

झालं एवढंच, की दुपारी यायचा तो कौलांचा ट्रक सकाळी सातलाच आला. घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली, ट्रक वर रस्त्यावर थांबतो, आणि माझा फोन त्या वेळी बंद असतो. सहा ते आठ मी लिहिते. घराचं काम काढलं तेव्हापासून हे असंच आहे आणि घरात सगळ्यांना माहितीये. ड्रायव्हरने मुंबईला माझ्या चुलतभावाला, दादाला, फोन लावला, त्याने मला लावला, लागला नाही, की लगेच ग्रुपवर मेसेज, "तिकडे ट्रक उभा आणि मॅडम गोष्टी लिहीत बसल्यात." खाली हसणारे इमोजी. अरे, ड्रायव्हरने शेजारच्या वहिनींकडे चहा घेतला, आठला मी वर गेले, गडी आले, हातोहात कौलं खाली उतरवली, एक कौल फुटलं नाही. नुकसान कुणाचं झालं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आमचं दापोली तालुक्यातलं घर, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. चिऱ्याच्या भिंती, ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणी. आजी गेल्यावर कुलूप लागलं ते लागलंच. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि छपराची पश्चिमेकडची सगळी पाखं उघडी पडली. तेव्हा घाईत पत्रे टाकले, त्या वेळी दुसरं करणार काय, अख्ख्या गावाने तेच केलं. पण पत्र्याखाली एप्रिल-मे मध्ये बसून दाखवा कुणीतरी. आणि पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

आता मुद्द्याचं. काम सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा सुतारकाकांना घेऊन घर दाखवलं. ते शिडी लावून स्वयंपाकघराच्या वाशांपाशी गेले, पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, वरचा काजळीचा थर खरवडला, आणि आत लाकूड पिवळंधमक! फणसाचं. मग पलीकडच्या खोलीत गेले, ती तर आजी असतानाही बंदच असायची, तिथल्या तेवढ्याच वर्षांच्या, त्याच पावसातल्या वाशाला पटाशी टेकवली तर मुठीपर्यंत आत गेली आणि भसकन भुसा पडला खाली. सगळी वाळवी. काका म्हणाले, "ताई, जिथं चूल पेटली तिथलं ऱ्हायलं. घर वापरल्यानं मोडत नाय, बंद ठेवल्यानं मोडतं." बास. त्यांनी लाकडाबद्दलच सांगितलं होतं पण मी तिथे शिडी धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या बंद पडलेल्या वह्या आल्या. पुण्यात नोकरीच्या रगाड्यात "वेळ मिळाला की लिहू" म्हणत ठेवलेल्या.

म्हणून मी ऐकणार नाही. दादा म्हणतो काम ऑक्टोबर ते मे चालतं, मिरगापासून छप्पर उघडता येत नाही, तर मग पावसाळ्याचे चार महिने लिही की निवांत, दिवाळी अंकांना कथा तेव्हाच पाठवायच्या असतात ना. ऐकायला बरोबर वाटतं. पण आठ महिने न लिहिलेला हात जूनमध्ये असा स्विच दाबल्यासारखा चालू होत नाही हो. पटाशी आत गेलेला तो वासा मी बघितलाय. रोज थोडं, रोज त्याच वेळी, गडी यायच्या आत. नंतर साडेआठपासून गवंडी, चुना, रेती, दहाला माझं ऑफिसचं लॅपटॉप उघडतं, संध्याकाळी हिशोब. त्यात मला कुणी विचारलंय का कधी, जेवलीस का?

आणि मला एक सांगा, काका पूजेला बसले की कुणी हाक मारतं? दादा सकाळी जिमला जातो, फोन लॉकरमध्ये असतो, वहिनी कधी ग्रुपवर लिहिते का की साहेब वजनं उचलत बसलेत म्हणून? बाई लिहायला बसली की मात्र ती रिकामी. हेच लोक गणपतीपुळ्याला गेले की वाट वाकडी करून मालगुंडला जातात, केशवसुतांच्या घरासमोर फोटो काढतात, किती छान जपलंय म्हणतात, आणि गाडीत बसले की मला फोन, "पाडून टाक गं, स्लॅब टाक, चार एसी खोल्या काढ, होमस्टे कर." राग येतो खरंच.

स्लॅबला दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं काढून परत नीट बसवणं, लागत नाही, मान्य. पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, स्लॅबही गळतात, ज्यांनी घातल्यात ते आता त्यावर पत्रे चढवतायत. आणि माजघराच्या भिंतीला कुणीतरी मागे सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, ते काढलं तर आतला चिरा ओलागच्च, हात लावला की लाल पाणी. ओल बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती. आता पूर्ण सुकल्याशिवाय चुना लावायचा नाही असं गवंड्याने बजावलंय आणि मी थांबलेय. तिथेच टेबल टाकलंय, त्याच भिंतीशी बसून लिहिते.

दादा वाईट नाहीये. आजच्या कौलांचे अर्धे पैसे त्याचे आहेत, न मागता पाठवले, हे मी लिहायलाच हवं. लहानपणी या घराच्या माळ्यावर आम्ही दोघं आंब्याच्या अढीजवळ झोपायचो, त्याला पण घर हवंच आहे, फक्त त्याला ते लवकर हवंय. दुपारी त्याला फोटो पाठवला. जुनी कौलं आहेत, पलीकडच्या गावात घर पाडलं तिथली, पालथं केलं की मंगळूरच्या कारखान्याची छाप. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं साऱ्या किनाऱ्यावर पसरली, आमच्या आजोबांनीही तसलीच घातली होती. त्याने नुसता अंगठा पाठवला. ठीक आहे. पण ग्रुपवरचा मेसेज त्याने डिलीट केलेला नाही आणि मी उद्या पण सहालाच बसणार आहे. कथा अर्धी झालीये, त्यातली म्हातारी अजून बोलायला तयार नाही, तिच्यापाशी रोज जाऊन बसावं लागतंय.

बाकी, दापोली-मंडणगड-गुहागरकडे कुणाचं जुनं घर उतरवत असतील तर प्लीज भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला मेसेज करा. मागच्या पडवीला लाकडी गजांच्या दोन खिडक्या हव्यात आणि कोन्याची कौलं कमी पडतायत. टेम्पो मी पाठवते.