टॉरिनवर खापर, कॅफिन मोकाट

एनर्जी ड्रिंकबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतो. म्हणे त्यात घातलं जाणारं टॉरिन हे द्रव्य बैलाच्या वीर्यातून काढतात, फ्रान्समध्ये त्यावर बंदी आहे, हृदय त्यानेच बंद पडतं. तेव्हा ‘टॉरिन-फ्री’ असेल ते बिनधास्त प्या.

बैल. संबंध आहे, पण 1827 पुरता. टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी टॉरिन पहिल्यांदा वेगळं केलं ते बैलाच्या पित्तातून. वीर्य मेसेजवाल्यांनी घुसडलं. आज कॅनमध्ये पडणारं टॉरिन कारखान्यात बनतं, त्यात जनावराचा काही भाग नसतो.

फ्रान्स. परवानगी नव्हती, हे खरं. ती जुलै 2008 मध्ये मिळाली. त्याआधी काही महिने रेड बुल तिथे टॉरिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल घालून विकलं गेलं. मेसेज अजून तिथेच अडकलाय.

हृदय. इथे जरा थांबू या. 250 मिलीच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण 1 ग्रॅम टॉरिन असतं. आपलं शरीर ते सिस्टीन या अमिनो आम्लापासून स्वतःही बनवतं. मासे, मटण आणि आईच्या दुधातही ते असतं. हृदयाच्या स्नायूत तर भरपूर. मांजरांना ते पुरेसं बनवता येत नाही. आहारात कमी पडलं तर त्यांचं हृदय फुगून दुबळं होतं. जपानमध्ये ते हार्ट फेल्युअरवर औषध म्हणून देतात. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2009 मध्ये एनर्जी ड्रिंकमधलं टॉरिनचं प्रमाण चिंताजनक नसल्याचं म्हटलं.

मग छातीत धडधड का होते? पहिला संशयित कॅफिन. भारतात या पेयांमध्ये लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. बाटलीवर ‘100 मिलीमध्ये 29 मिग्रॅ’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर 250 मिलीला अडीचने गुणा: साडेबाहत्तर. दोन बाटल्या म्हणजे 145. मुलांसाठी युरोपात धरलेली मर्यादा दिवसाला किलोमागे 3 मिग्रॅ. 45 किलोच्या मुलाला 135. दुसरी बाटली संपेपर्यंत ती ओलांडलेली असते, घरचा चहा वेगळाच.

पण सगळं कॅफिनवर ढकलूनही भागत नाही. अमेरिकेतल्या 2019 च्या एका प्रयोगात 34 निरोगी तरुणांना तासाभरात जवळपास 950 मिली एनर्जी ड्रिंक पाजलं. ईसीजीतला क्यूटी कालावधी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाला विजेने भारून पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबला, रक्तदाबही चढला. 2017 च्या प्रयोगात तेवढंच कॅफिन असलेल्या साध्या पेयापेक्षा एनर्जी ड्रिंकने क्यूटी जास्त लांबवला. नेमका कुठला घटक, हे त्यातून ठरलं नाही. प्रमाण मात्र बघा: ते जवळपास चार कॅनइतकं होतं, तेही एका बैठकीत. ज्यांचा क्यूटी जन्मतःच लांब आहे, त्यांनी एकालाही हात लावू नये.

‘टॉरिन-फ्री’. मेसेजमधला सर्वांत घातक भाग हाच. टॉरिन काढलं तरी कॅफिन तिथेच, आणि साखरही: नेहमीच्या कॅनमध्ये 27 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. दारूत मिसळलं तर कॅफिनने गुंगी कळत नाही, रक्तातलं अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं. माणूस शुद्धीत असल्याच्या भ्रमात गाडीची किल्ली उचलतो. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत शाळांपासून 500 मीटरच्या आत विक्रीबंदी आणण्याचं सांगितलं, तेही जास्त कॅफिनच्या पेयांबद्दल.