सात किलोत कोल्हापूर

प्रवासाला बॅग हलकी न्यावी, असा सल्ला देणाऱ्या माणसाला आई, मावशी आणि फौंड्री यांपैकी एकही गोष्ट नसते, अशी माझी खात्री आहे. मला तिन्ही आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं, मार्केटिंग माझ्याकडं असतं. आमची गिऱ्हाइकं चाकण, होसूर, चेन्नई अशी पांगलेली, त्यामुळं एकदा घर सोडलं की आठवडा-पंधरवडा लॉजवरच मुक्काम.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी शास्त्रशुद्ध माणूस आहे. दोन गडद पँटी, तीन शर्ट, बास. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. कातडीवरचे जिवाणू त्यावर ताव मारतात तेव्हा तो सुटतो. पॉलिस्टर हा वास धरून बसतं, धुतलं तरी पुरतं सोडत नाही. सुती शर्टाचा वास धुतला की जातो, पण चेन्नईच्या दमट हवेत तो सकाळपर्यंत वाळेल तर शपथ. त्यावर उपाय आहे. धुतलेला शर्ट कोरड्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही टोकांनी पिळायचा, मग पंख्याखाली टांगायचा. टॉवेल लॉजचा, त्यामुळं जीव तोडून पिळता येतो. आणि आंघोळीनंतर काखेत ओली तुरटी. न्हाव्याकडं दाढीनंतर गालावर फिरवतात तीच. वजन नाही, सांडत नाही, आणि महागड्या फवाऱ्यांपेक्षा जास्त इमानदार.

एवढं सगळं बसवून बॅग चार किलोत आणली की आदल्या रात्री आई दारात उभी राहते.

"एवढंसंच हाय, ठेव की."

एवढंसंच म्हणजे होसूरच्या मावसभावासाठी कांदा-लसूण चटणी, त्याच्या शेजाऱ्यासाठी आणखी थोडी, भडंग, गुळाची ढेप आणि मावशीनं खास करून घेतलेली कोल्हापुरी पायताणं. मी एकदा वकिली केली की या चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचेही चार आहेत. होसूर त्या राज्याला खेटून आहे, तिकडंच घेऊ दे की. मावशीनं विचारलं, "तिकडच्याला कुरकुर वाजती व्हय?" वकिली तिथंच संपली.

सगळ्यात वाईट ती चटणी. प्लास्टिकच्या पिशवीवर पिशवी, त्यावर रबर, त्यावर डबा, तरी दुसऱ्या दिवशी तिचा वास शर्टात उतरलेला असतो. ती शर्टाला लागलेली नसते, नुसती शेजारी असते. मग माझं जिवाणूशास्त्र, तुरटी, पंखा सगळं एका बाजूला आणि मीटिंगमध्ये पर्चेस मॅनेजरचं हुंगणं एका बाजूला. एकानं तर रेट बोलायच्या आधी विचारलं, "जेवण मागवलंय का कुणी?"

उजळाईवाडीहून विमानानं जायचं तर वेगळी परीक्षा. हातातली बॅग ७ किलोची, तिच्यात मिरचीची पूड चालत नाही, म्हणून चटणी खाली द्यायच्या बॅगेत. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती खाली चालत नाही, हातातच हवी. आणि साहेबांनी निघता निघता हातात ठेवलेला सॅम्पलचा जॉब, म्हणजे चांगलं तीनेक किलोचं बिडाचं ब्रॅकेट? एक्स-रेच्या पडद्यावर ते काळंकुट्ट दिसतं. तपासणीवाला एकदा त्या काळ्या गोळ्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघतो, आणि त्या क्षणी माझा तीन शर्टांचा साधेपणा भलताच संशयास्पद वाटायला लागतो.

रेल्वे त्या मानानं दिलदार. थ्री टायर एसीत माणशी ४० किलो सामान फुकट. हा आकडा मी घरात वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. पोरानं मोबाइलवर शोधून आजीला वाचून दाखवला. पुढच्या खेपेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ वाढला.

माल वाटून झाला की परतीला बॅग खरंच फुलासारखी होते. शेवटच्या कंपनीतून निघताना मी ती एका बोटावर अडकवतो. तेवढ्यात क्वालिटीवाला मागून हाक मारतो. त्याच्या हातात आमचेच दोन जॉब, ब्लोहोलभोवती, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेल्या भोकांभोवती, खडूनं गोल काढलेले. "घेऊन जा, तुमच्या मोल्डिंगवाल्यांना दाखवा." गंजू नये म्हणून तेल फासलेलं, त्यामुळं गुंडाळायला धुतलेले शर्टच कामी येतात.

मागच्या खेपेला घरी पोचलो तेव्हा मावशी आलेली होती. तिनं उंबऱ्यातच बॅग घ्यायला हात घातला, ती हलेना, तसा तिचा चेहरा फुलला.

"काय आणलंस रं एवढं?"

"ब्लोहोल, मावशी."

"कशाला उगंच खर्च केलास?"