अंगठा कच्चा

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण अजून आहोत हे सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जायचं, यादीत नावापुढं सही ठोकायची, साहेब मान वर न करता "तब्येत बरी ना?" विचारायचे, झालं. २०१४ साली ऑनलाइन 'जीवन प्रमाण' आलं. कागदी दाखला अजून चालतो म्हणे, पण बँकेतला पोरगा म्हणाला, "काका, ऑनलाइनच करून टाका. दोन मिनिटांचं काम."

ते दोन मिनिटांचं काम सेवा केंद्रात सकाळी दहाला सुरू झालं.

लाल उजेडाच्या डबीवर अंगठा ठेवला. जुळेना. धोतराला पुसून ठेवला. जुळेना. चौतीस वर्षं खडू धरला, रेषा फळ्यावरच राहिल्या असणार. दहाही बोटं झाली. मग केंद्रवाल्यानं मोबाईल तोंडासमोर धरला; २०२१ पासून चेहऱ्यावरही भागतं. "चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करा." चष्मा काढल्यावर मोबाईल कुठं आहे तेच दिसेना. मी बराच वेळ कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला डोळे मिचकावत होतो. तेवढ्यात रेंज गेली.

"गुरुजी, तुम्ही पण अंगठ्याला?"

रांगेत मागं एक मावशी. चेहरा लगेच लागला नाही, आवाज लागला. १९८८ साली साक्षरता मिशन आलं, त्यानंतर मी देवळात रात्रीचे वर्ग घ्यायचो. हिचा हात धरून मीच नाव गिरवून घेतलं होतं. पहिली सही पाटीच्या लाकडावर चढली, पंधरा दिवसांनी रेघेत आली, तेव्हा मी ओरडलो होतो, "आता कसं वळण आलं!" वर दमही दिला होता: यापुढं कुणी शाईचा डबा पुढं केला तर सांगायचं, मला सही येते.

"सांगितलं की," मावशी म्हणाली. "रेशनवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, सही ठेवा घरी, अंगठा आणा."

मला काही बोलता येईना. तिनं माझा अंगठा धरला.

"आधी डोक्याला घासा. केसांचं तेल लागतं, मग उठतो."

"गुरुजींना केस कुठायत?" केंद्रवाला.

"मग कपाळाला घासा. हां. आता दाबायचा नाही. नुसता टेकवायचा. हलू नका, गुरुजी!"

मी हललो. तिनं मनगटावर चापटी मारली, अगदी माझ्यासारखी. पुन्हा कपाळ, पुन्हा डबी.

हिरवा दिवा लागला.

"आता कसं वळण आलं!" मावशी म्हणाली.