पोळे जाळू नका, काटा काढताना थांबू नका : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

घराच्या छज्जाखाली किंवा बागेतल्या झुडपात गांधीलमाश्यांचे वा मधमाश्यांचे पोळे दिसले तर काय करावे, हे सांगणारा एक संदेश शब्द थोडेफार बदलत कित्येक वर्षे फोनवरून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गांधीलमाशी निरुपयोगी आणि खुनशी असते, म्हणून तिचे पोळे दिसताच रात्री रॉकेल टाकून जाळावे, पोळे भिंतीच्या फटीत असेल तर फट बुजवून टाकावी, माश्या परत येऊ नयेत म्हणून गवती चहाचे तेल फवारावे, डंख झालाच तर काटा चिमटीत न धरता कार्डाच्या कडेने खरवडून काढावा, मधमाशीचे विष आम्ल असल्यामुळे त्यावर खाण्याचा सोडा आणि गांधीलमाशीचे विष अल्कली असल्यामुळे त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावावे, माश्या मागे लागल्या तर पाण्यात उडी मारावी, आणि दोनचार डंख सोसले की शरीर विषाला सरावते. यातली बहुतेक विधाने कुठल्या ना कुठल्या खऱ्या निरीक्षणाच्या जवळून जातात, म्हणूनच ती पटतात. त्यातली काही नुसती निरुपयोगी आहेत, काही मात्र जिवावर बेतू शकतात, आणि हा फरक स्पष्ट व्हावा म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर द्यायला हवे.

गांधीलमाशी निरुपयोगी असते, या विधानापासूनच सुरुवात करू. गांधीलमाशी स्वतः फुलांतल्या मधुरसावर आणि इतर गोड द्रवांवर जगते, पण तिच्या अळ्यांना मांसाहार लागतो, आणि तो भागवण्यासाठी ती दिवसभर सुरवंट, माश्या आणि इतर कीटक टिपून नेत असते. बागेतली पाने कुरतडणाऱ्या अळ्यांवर असा फुकटचा पहारा दुसरा क्वचितच कोणी देतो. डंख करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या सुमारे ३३ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्याने राहतात. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण ही त्यातलीच. ती कोळी किंवा सुरवंट बधिर करून त्या घरात कोंबते, पण घराच्या रक्षणासाठी माणसावर झेप घेत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत संशोधन-आढाव्यात या माश्या ९६० वनस्पतींच्या फुलांना भेट देतात आणि त्यांपैकी १६४ वनस्पती परागीकरणासाठी सर्वस्वी त्यांच्यावरच अवलंबून आहेत, असे नोंदवले आहे.

खुनशीपणाचे म्हणाल, तर पोळ्यापासून दूर, फुलावर किंवा पाण्याच्या काठावर बसलेली माशी चेंगरली गेली किंवा तिला झटकून मारायला गेले तरच साधारणपणे डंख करते. तिचा खरा आवेश दिसतो तो पोळ्याच्या आसपास, कारण तिथे अळ्या असतात. याचा अर्थ प्रत्येक पोळे राहू द्यावे असा मात्र नाही. दारावर, जिन्यात, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घराजवळ असलेले पोळे काढायलाच हवे. उंच झाडावरचे, वाटेपासून दूर असलेले पोळे काढण्याचे सहसा काहीच कारण नसते.

आता रात्री जाळण्याचा उपाय. अंधार पडल्यावर बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि त्यांचे उडणे मंदावते, एवढा भाग खरा आहे. पण अंधारात काम करायचे तर माणूस विजेरी पेटवतो आणि चवताळलेल्या माश्या नेमक्या त्या उजेडावर चालून येतात. शिडीवर उभा राहिलेला, एका हातात पेटता बोळा आणि दुसऱ्या हातात विजेरी धरलेला माणूस त्या क्षणी ना पळू शकतो, ना स्वतःला सावरू शकतो, आणि मग डंखांपेक्षा पडण्याची आणि भाजण्याची इजा मोठी ठरते. वाळलेली पाने, लाकडी वासे आणि विजेच्या तारा यांच्याजवळ रॉकेल पेटवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या उपायामागे मधपाळ धूर करतात या गोष्टीचा चुकीचा अर्थ आहे. मधपाळाचा थंड धूर दोन कारणांनी काम करतो : धुराचा वास येताच मधमाश्या पोटात मध भरून घेऊ लागतात, आणि एकमेकींना धोक्याची सूचना देणारा त्यांचा गंध धुरामुळे दबून जातो. गांधीलमाश्यांच्या कागदी पोळ्यात मधाचा असा साठाच नसतो, आणि आगीची झळ म्हणजे काही धूर नव्हे. तो इशारागंध समजून घेण्यासारखा आहे. मधमाशीच्या नांगीजवळून बाहेर पडणाऱ्या या गंधातला मुख्य घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट असल्याचे १९६२ मध्ये दाखवून देण्यात आले; त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. पहिला डंख झाला की तो गंध कातडीवर आणि कपड्यांवर राहतो आणि पुढच्या माश्यांना तीच जागा दाखवतो. कित्येक गांधीलमाश्यांच्या विषातही असा इशारा असतो. म्हणून पहिला डंख बसताच तिथे थांबून हात झटकत बसण्यापेक्षा तोंड आणि डोळे झाकून सरळ दूर पळावे, बंद खोलीत किंवा वाहनात शिरावे, आणि मगच बाकीचे पाहावे.

फांदीवर अचानक येऊन लोंबकळणारा, मेणाचे पोळे नसलेला मधमाश्यांचा घोस दिसला तर घाबरण्याचे कारण आणखी कमी असते. ते स्थलांतराच्या वाटेवर विसावलेले कुटुंब असते. पोटात मध भरलेला आणि रक्षण करायला अळ्या नाहीत, अशा अवस्थेत ते बहुधा शांत असते आणि काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत निघून जाते. ते पेटवायला जाणे हा त्याला चिडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पोळे खरोखरच काढायचे असेल तर पूर्ण संरक्षक पोशाख असलेल्या, या कामात मुरलेल्या माणसाला बोलवावे. मधमाश्या असतील तर मधपाळ त्यांना जिवंत हलवू शकतात.

फट बुजवण्याची सूचना वरकरणी सगळ्यांत निरुपद्रवी वाटते, पण आत पोळे नांदते असताना ती पाळू नये. कोंडलेल्या गांधीलमाश्या मऊ गिलावा आणि पातळ फळ्या कुरतडून दुसरी वाट काढतात आणि ती वाट कधीकधी खोलीच्या आत उघडते. मधमाश्या आत मेल्या तर राखण उरत नाही. मध पाझरतो, मेण वितळते, मुंग्या आणि मेणकिडे येतात, आणि त्या वासाने पुढच्या हंगामात नवे कुटुंब त्याच जागी येण्याची शक्यता वाढते. फट बुजवायची ती माश्या आणि पोळे काढल्यानंतर, किंवा पोळे होण्याआधी. याच संदर्भात एक उपयोगी गोष्ट हा संदेश सांगतच नाही : पुष्कळ गांधीलमाश्यांचे पोळे एकटी राणी सुरू करते आणि तेव्हा ते जेमतेम नाण्याएवढे असते. हंगामाच्या सुरुवातीला छज्जे, पन्हळी आणि रिकाम्या कुंड्यांचे तळ नजरेखालून घातले तर शेकडो माश्यांचे पोळे होण्याआधीच ते लक्षात येते. थंड प्रदेशात हिवाळ्यात सगळे कुटुंब मरते, फलित राण्याच तेवढ्या तगतात, आणि जुने पोळे सहसा पुन्हा वापरले जात नाही. उष्ण प्रदेशात मात्र काही जातींची कुटुंबे वर्षभर चालू राहतात, त्यामुळे हिवाळ्यापर्यंत वाट पाहण्याचा सल्ला सगळीकडे लागू पडत नाही.

गवती चहाच्या तेलाबद्दल तर संदेशाने वस्तुस्थिती नेमकी उलटी करून ठेवली आहे. मधमाश्या आपल्या सोबतिणींना घराकडे बोलावण्यासाठी जो गंध सोडतात, त्यात सिट्रल आणि जेरॅनिऑल हे घटक असतात, आणि सिट्रल हाच गवती चहाच्या तेलाचाही प्रमुख घटक आहे. म्हणूनच भटके कुटुंब रिकाम्या पेटीत यावे यासाठी मधपाळ त्या पेटीला हेच तेल लावतात. ज्या छज्जाखाली मधमाश्या नको आहेत, तिथे ते फवारणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय.

काटा खरवडूनच काढावा, या सूचनेमागचा तर्क असा की चिमटीत धरल्यास विषपिशवी पिळली जाऊन उरलेले विष आत जाईल. प्रत्यक्षात कातडीत रुतलेल्या काट्याला पिशवीसोबत स्नायू आणि झडपाही जोडलेल्या असतात आणि माशीपासून तुटल्यावरही ती यंत्रणा आपोआप विष ढकलत राहते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पिशवीतले किमान ९० टक्के विष पहिल्या २० सेकंदांत बाहेर पडते आणि मिनिटभरात ती रिकामी होते. १९९६ मध्ये किर्क व्हिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की काटा चिमटीने काढला की खरवडून, याने डंखाच्या जागी उठणाऱ्या गांधीच्या आकारात फरक पडत नाही; फरक पडतो तो काढायला किती सेकंद लागले याने. कार्ड शोधायला घरात जाणारा माणूस नेमका तोच वेळ वाया घालवतो. नखाने, चिमटीने, हाताला येईल त्याने काटा ताबडतोब काढावा, आणि पोळे जवळ असेल तर पळता पळता काढावा. हे सगळे मधमाशीपुरते खरे आहे. तिच्या नांगीला उलटे दाते असल्यामुळे ती आपल्या कातडीत अडकून तुटते; गांधीलमाशी सहसा काटा मागे ठेवत नाही आणि तीच माशी पुन्हा पुन्हा डंख करू शकते.

सोडा आणि लिंबू यांची जोडी शाळेतल्या रसायनशास्त्राची आठवण करून देते, आणि म्हणूनच ती इतकी टिकून आहे. मधमाशीचे विष आम्लधर्मी असते हे खरे, गांधीलमाशीचे मात्र जवळजवळ उदासीन असते. तेव्हा जोडीतला दुसरा अर्धा भाग मुळातच चुकीचा आहे. त्याहून महत्त्वाचे हे की वेदना आम्लामुळे होतच नाही. मधमाशीच्या कोरड्या विषाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या प्रथिनखंडाचा असतो, जो पेशींची आवरणे फोडतो. त्याच्या जोडीला फॉस्फोलायपेज आणि ऊतींमधून विषाला वाट करून देणारे हायलुरोनिडेज ही विकरे असतात. गांधीलमाशीच्या विषात हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांसारखी थेट वेदना देणारी द्रव्ये असतात. हे सगळे, ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजावे इतक्या अल्प प्रमाणात, कातडीच्या खाली टोचले जाते आणि क्षणात पसरते. वर लावलेला सोडा तिथे पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी प्रथिनांचे काम थांबवू शकत नाही. लेपाने बरे वाटते ते बहुधा ओल्या गारव्यामुळे. चुना लावण्याचा सल्लाही याच तर्कातून येतो आणि तो अधिक वाईट आहे, कारण चुना कातडी भाजू शकतो आणि डोळ्याजवळच्या डंखावर तर तो कधीच लावू नये.

त्याऐवजी जागा साबणपाण्याने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, डंख हातावर असेल तर सूज चढण्याआधी अंगठ्या काढाव्यात, आणि खाजेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीरोधक गोळी घ्यावी. काहींना डंखाभोवती १० सेंटिमीटरहून मोठी, लाल, कढत सूज येते, ती दोन दिवस वाढते आणि आठवडाभर राहू शकते. ती बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नसते, त्यामुळे लगेच प्रतिजैविके घेण्याची गरज नसते.

पाण्यात उडी मारण्याबद्दल फार लिहायला नको. माश्या पाण्यावर घोंघावत थांबतात, श्वासासाठी वर आलेल्या तोंडावर डंख करतात, आणि घाबरलेला माणूस बुडू शकतो.

शेवटचे विधान सगळ्यांत घातक आहे. काही मधपाळांमध्ये नियमित आणि पुष्कळ डंखांनंतर सहनशीलता येते, हे त्याचे मूळ. अधूनमधून होणाऱ्या डंखांनी मात्र उलटे घडू शकते : आधीच्या डंखाने शरीर संवेदनशील होते आणि पुढच्या एकाच डंखाने ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे सर्व शरीराची तीव्र ॲलर्जी, उद्भवते. डंखापासून दूरच्या भागांवर उठणाऱ्या गांधी, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, उलट्या, भोवळ ही तिची लक्षणे आहेत. ब्रिटनमधल्या जीवघेण्या ॲलर्जीच्या नोंदींच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डंखापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ १५ मिनिटांचा होता. इतक्या थोड्या वेळात कामी येते ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर टेकून बसवावे, चालायला लावू नये, आणि लगेच रुग्णालयात न्यावे. ॲलर्जी नसलेल्या माणसालाही एकाच वेळी अनेक डंख झाले असतील तर तपासणी हवीच, कारण स्नायूंची झीज आणि मूत्रपिंडांची इजा एकदोन दिवसांनी उघड होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत कमी डंखही पुरेसे असतात, कारण विषाचा परिणाम वजनाच्या प्रमाणात होतो.

विषाला शरीर सरावते ते वैद्यकीय देखरेखीखाली. शुद्ध विषाच्या लसीचा उपयोग होतो, पण कीटकांच्या संपूर्ण शरीराच्या अर्काचा होत नाही, हे १९७८ मध्ये नियंत्रित चाचणीतून सिद्ध झाले. या उपचारात अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून बहुधा १०० मायक्रोग्रॅमपर्यंत जातात आणि तो तीन ते पाच वर्षे चालतो. गांधीलमाशीच्या ॲलर्जीत त्याचे संरक्षण मधमाशीच्या ॲलर्जीपेक्षा जास्त मिळते. ज्याला एकदा सर्वांगी प्रतिक्रिया आली आहे त्याने ॲलर्जीतज्ज्ञांकडे जावे. विषाची तपासणी डंखानंतर लगेच केली तर ती चुकून नकारात्मक येऊ शकते, म्हणून ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात किंवा पुन्हा करून पाहतात, आणि तोवर डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲड्रेनॅलिन जवळ बाळगावे, ते कसे टोचायचे हे घरातल्या दुसऱ्या कोणालाही शिकवून ठेवावे.