‘सगळ्याला ७७७ द्या’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणकप्रणाली) बसवून देतो. दर पावसाळ्यात एक संदेश पुन्हा जिवंत होऊन गावोगावच्या ग्रुपांत फिरतो. यंदा तो मलाच चार जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा:

‘लिनक्सवर नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर लॉगिन होत नाही? परमिशन डिनाइड येतंय? एक, सगळ्या फोल्डरांना ७७७ द्या. दोन, प्रोग्राम सुडो लावूनच उघडा. तीन, यूजरमॉडला मोठा जी लावून हव्या त्या ग्रुपमध्ये नाव घाला. चार, सॉफ्टवेअर पासवर्ड घेत नसेल तर रूटला पासवर्ड द्या आणि रूटनेच आत जा. पाच, तरी नाही झालं तर पुन्हा इन्स्टॉल करा, लिनक्स असंच असतं.’

(रूट म्हणजे लिनक्सवरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, सुडो म्हणजे एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवायची सोय, आणि यूजरमॉड म्हणजे वापरकर्त्याची नोंद बदलणारी आज्ञा.) पाचापैकी एकही सल्ला अगदी हवेतून आलेला नाही, म्हणून तर तो पटतो. पण गेल्या महिन्यात काजूच्या एका कारखान्यातून फोन आला, ‘काकानू, सगळा सात-सात-सात केलंय, आता सुडोच चलना नाय,’ तेव्हा ठरवलं की एकदाचं लिहून टाकायचं.

पहिल्या मुद्द्यापासूनच धरू, कारण खरी नासाडी तिथे होते. फाइलच्या परवानगीचे तीन आकडे असतात: मालक, ग्रुप आणि बाकीचे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, मिळून ७. म्हणजे ७७७ केलं की सगळ्यांना सगळं. संदेश लिहिणाऱ्याला वाटलं, दारं उघडली की अडणार कोण? पण काही फाइलींना चौथा आकडाही असतो. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या जातींवर सुडोची फाइल ४७५५ असते. पुढचा तो ४ सांगतो की ही फाइल कुणीही चालवो, ती मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालेल. ही कल्पना लिनक्सच्या पूर्वजाचे, युनिक्सचे, एक जनक डेनिस रिची यांची. १९७९ मध्ये तिला अमेरिकेत पेटंटही मिळालं होतं. अख्ख्या सिस्टिमवर ७७७ फिरवलं की तो ४ पुसला जातो. सुडो गेला, दुसरा वापरकर्ता होऊ देणारा एसयू गेला, पासवर्ड बदलायची आज्ञाही गेली. आता परवानग्या पूर्ववत करायला रूट व्हायला हवं, आणि रूट करणाऱ्या फाइलीच आपण लंगड्या करून बसलो.

शिवाय काही प्रोग्राम दार उघडं आहे म्हणूनच आत घेत नाहीत. दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारा एसएसएच घ्या. पासवर्डऐवजी वापरायची तुमची खासगी किल्ली (एक फाइलच ती) इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरत नाही. सर्व्हरवरचं तुमचं होम, म्हणजे तुमच्या नावाचं खासगी फोल्डर, कुणालाही लिहिता येण्याजोगं असेल तर तिथली किल्ल्यांची यादीही मानत नाही. म्हणजे लॉगिन व्हावं म्हणून ७७७ केलं, आणि त्यामुळेच होतं ते लॉगिनही गेलं.

मग करायचं काय? आधी अडलंय कुठे ते बघायचं. माजघरातली पेटी उघडी असून उपयोग काय, आगराचं बेडंच (फाटकच) लावलेलं असेल तर? फोल्डरचंही तसंच. शेवटची फाइल वाचता यायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची परवानगी लागते. ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की मुळापासून टोकापर्यंत एकेका पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. उबुंटूने २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० केली. त्यामुळे होममध्ये ठेवलेली पानं वेब सर्व्हरला (ब्राउझरला पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामला) एकाएकी दिसेनाशी झाली, आणि लोक त्या पानांनाच ७७७ देत बसले. अडलेलं होतं दोन पायऱ्या वर. तेवढी पानं होमबाहेर, वेब सर्व्हरसाठी असलेल्या जागी ठेवली की काम झालं.

आणि जिथे या आकड्यांचा संबंधच नाही, तिथे ७७७ देऊन पालथ्या घड्यावर पाणी. फॅटने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर लिनक्सच्या परवानग्या साठतच नाहीत. स्नॅप म्हणून (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजमधून) आलेला प्रोग्राम पेनड्राइव्ह वाचत नसेल तर त्याला रिमूव्हेबल मीडियाची जोडणी वेगळी द्यावी लागते. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका जातीवर एसईलिनक्स या सुरक्षायंत्रणेचा पहारा निराळा. आणि आपल्याकडे वीज अर्ध्यात गेली की डिस्कवर चूक राहते, आणि उबुंटू ते विभाजन फक्त वाचण्यापुरतं जोडतं. तिथे फाइल सेव्ह होत नाही, हे तक्रारीत ‘परमिशन नाय’ असं येतं. इलाज असतो एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा.

दुसरा मुद्दा, सुडो लावूनच उघडा. लॉगिनच्या तक्रारींतला मोठा वाटा मी इथेच सापडलेला पाहिलाय. पासवर्ड चुकला तर पडदा तसं सांगतो. पण पासवर्ड बरोबर आहे, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचंच पान येतं, असं असेल तर पासवर्डचा दोष नाही. बहुतेक वेळा कुणीतरी खिडकीवाला प्रोग्राम सुडोने उघडलेला असतो. उबुंटू १९.१० च्या आधी सुडो लावला तरी होम तुमचंच राहायचं, त्यामुळे तुमच्या घरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार व्हायच्या. जुन्या मशीनवर अजून तेच होतं. त्यात डॉट एक्सऑथॉरिटी (पडद्यावर खिडक्या उघडायच्या परवानगीची फाइल) सापडली की पुढच्या वेळी डेस्कटॉप सुरूच होत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड द्या. आत गेलात, म्हणजे पासवर्ड ठीक. मग ‘एलएस -एलए’ने त्या फाइलचा मालक बघा आणि रूट असेल तर सीएचओनने ती स्वतःच्या नावावर करा. मालक ठीक असेल तर ‘डीएफ -एच’ मारा, डिस्क शंभर टक्के भरली तरी हेच लक्षण दिसतं.

(मराठी कीबोर्ड नव्याने टाकलेल्यांनी यातलं काही करण्याआधी लॉगिनच्या पडद्यावर कोणती भाषा निवडलेली आहे ते बघावं. ठिपक्यांत काय टाइप झालं ते कुणाला दिसतंय? एका गुरुजींचा पासवर्ड आठवडाभर इनस्क्रिप्टमध्ये पडत होता.)

तिसऱ्या मुद्द्यात रोग ओळखलाय बरोबर, पण औषधात एक अक्षर राहिलंय. आर्डुइनोसाठी (यूएसबीने जोडायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी) डायलआउट ग्रुप लागतो, हे खरं. पण मोठ्या जीच्या आधी लहान ए नसेल तर यूजरमॉड नव्या ग्रुपमध्ये घालतो आणि बाकी सगळ्यांतून नाव काढतो, सुडोच्या ग्रुपमधूनही. एका शाळेतल्या पोराने हे केलं, बोर्ड चालू झाला आणि दुसऱ्या दिवशी काहीच इन्स्टॉल होईना. रिकव्हरी मोडमधून त्याला पुन्हा सुडोत घातलं. शिवाय ग्रुपची नोंद लॉगिन होताना वाचली जाते, म्हणून बाहेर पडून परत आत आल्याशिवाय फरक दिसत नाही. लोकांना वाटतं आज्ञाच चालली नाही, की लगेच ७७७.

चौथा मुद्दा माझ्या मते सर्वांत गोंधळाचा, कारण त्यात एका मशीनवर एकच पासवर्ड असतो असं गृहीत आहे. तालुक्याच्या एका वाचनालयात मी कोहा बसवलं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ही मोफत ग्रंथालय प्रणाली २००० च्या जानेवारीत तिथल्या एका वाचनालयात सुरू झाली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. पहिल्या वेळी वेब इन्स्टॉलर नाव-पासवर्ड विचारतो, आणि कार्यवाह लिनक्सचा पासवर्ड घालून दमले. त्याला हवा असतो डेटाबेसचा वापरकर्ता: कोहा, अंडरस्कोअर आणि तुम्ही ठेवलेलं इन्स्टन्सचं (कोहाच्या त्या एका मांडणीचं) नाव. त्याचा पासवर्ड इन्स्टॉल होताना आपोआप तयार होतो, ‘कोहा-पासडब्ल्यूडी’ला इन्स्टन्सचं नाव दिलं की दिसतो. कर्मचाऱ्यांची खाती त्यानंतरची. तीन दारं, तीन किल्ल्या. रूटला पासवर्ड दिल्याने कोहाचं एकही दार उघडत नाही. मारियाडीबी या डेटाबेसचा रूट तर लिनक्सच्या रूटहून वेगळा. डेबियन-उबुंटूवर तो पासवर्ड विचारतच नाही, तुम्ही सिस्टिमचे रूट आहात का एवढंच बघतो. म्हणून ‘सुडो मारियाडीबी’ने आत जायचं आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळा वापरकर्ता करायचा.

पाचव्याबद्दल थोडक्यात. होम तसंच ठेवून पुन्हा इन्स्टॉल केलंत तर रूटच्या नावावरची ती एक्सऑथॉरिटी फाइल तिथेच असते, आणि नव्या सिस्टिमचं पहिलंच लॉगिन परत फिरतं. पुन्हा इन्स्टॉल करणं खरोखर गरजेचं होतं ते पहिला मुद्दा पाळलेल्यांना. आरपीएम जातीची पॅकेजं वापरणाऱ्या फेडोरात पॅकेजच्या नोंदीवरून परवानग्या परत बसवता येतात, डेबियन घराण्यात तशी सोय नाही.

काजूवाल्यांच्या मशीनला मला तेच करावं लागलं. पेनड्राइव्हवरून चालू केलं, हिशेबाच्या फाइली बाहेर काढल्या, सगळं नव्याने टाकलं, संध्याकाळ गेली. मूळ तक्रार काय होती ते शेवटी विचारलं. नवा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह करत नव्हता. विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद न होता झोपलेलं, म्हणून लिनक्सने तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडला होता. पडद्यावर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असं आलं होतं. त्याचा फोटो त्यांच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे.