जुनी फिश टँक धुऊन चकाचक करू नका

बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो : ‘सेकंडहँड फिश टँक घेतलाय? आधी सगळं गरम पाणी आणि मिठानं धुवा. पाणी पूर्ण नवं भरा. सोबत आलेला काळा सकर (काचेला तोंडानं चिकटणारा मासा) ठेवा, तो घाण खातो. बाकीचे मासे टाकीच्या मापानंच वाढतात. आपल्या हवेत हीटर लागत नाही. नको असलेले मासे नदीत सोडा, पुण्य लागेल.’ शेवटी हात जोडलेले.

कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, कुणाची बदली झाली की टाकी माशांसकट स्वस्तात निघते. आमच्या शहापुरातल्या एका पोरानं तशीच दोन फुटी टाकी आणली, मेसेजबरहुकूम घासली आणि तिसऱ्या दिवशी मला फोन : “काका, मासे मरुलालेत की!”

पोरगं आळशी असतं तर मासे वाचले असते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजाला आणि खड्यांना चिकटून असतात, आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार-सहा आठवडे जातात. म्हणजे जुन्या टाकीत पैसे मोजण्यासारखं काही असेल तर तो बुळबुळीत तपकिरी स्पंज. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून बादलीतून आणायचा. सुकू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही. पाणी राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, नळाला क्लोरीन असतोच, आणि तो हे जिवाणू मारतो.

जुनं पाणीही निदान निम्मं सोबत आणा. न बदललेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि त्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. वरून बोअरचं जड पाणी भसाभस ओतलं की ती आम्लता मोडते आणि तोच अमोनिया विषारी होतो. एवढं मात्र मान्य, की आधीचे मासे रोगानं गेले असतील तर सगळं धुऊनच घ्यावं. मग महिनाभर थांबायची तयारी हवी.

आता सकर. तो शेवाळ खरवडतो, पण स्वतःही भरपूर घाण करतो. आधी तो कोणता ते बघा. पाठीवरच्या परातला पुढचा जाड काटा सोडून मऊ काटे मोजा. सातच्या आसपास भरले तर बहुधा ब्रिसलनोज ही सकरची छोटी जात, वीतभरही होत नाही. वयात आलेल्या नराच्या तोंडावर फुटवे दिसतात. दहा किंवा जास्त भरले तर साधा सकर, फूट-दीड फुटाचा होणारा. दोन फुटी टाकीत पाणी जेमतेम पन्नास लिटर. त्यात तो वळणार कुठं?

‘टाकीच्या मापानं वाढतो’ हे तर सगळ्यात क्रूर. काच बघून मासा वाढायचा थांबत नाही, कोंडून आणि घाण पाण्यानं खुरटतो. टाकीसोबत ‘शार्क’ आला असेल तर अंगावर खवले आहेत का बघा. चकचकीत मोठे खवले आणि परांना काळी किनार असेल तर सिल्व्हर शार्क, फूटभराचा. खवले नाहीत आणि मिशा आहेत, तर तो पंगस : हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. मेकाँग नदीतला मासा, मीटरभराच्या वर जातो. ओळख पटेपर्यंत नवा मासा आणूच नये. पटल्यावरही दोन-तीनच सोडा, पंधरवडा जाऊ द्या, मग पुढचे. लांब परांच्या एंजल माशासोबत टायगर बार्ब मासे तर नकोच, ते त्याचे पर कुरतडतात.

हीटरचं थोडक्यात. गावाला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणून मिरवायचं आणि हीटर नको म्हणायचं! एंजलला २४ ते २७ अंश लागतात. पौषातल्या रात्री पाणी गार पडलं की अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाच.

आणि नदीचं पुण्य. संकेश्वरवरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथंच २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा चिमुकला मासा विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. ही नदी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. खाली आंध्रात कोळ्यांच्या जाळ्यांत सकर सापडतोय, जाळी फाडतोय. वरून आपण आणखी सोडायचे?

त्या पोराच्या टाकीतून एकच जीव वाचला, सकर. काटे मोजले, बारा. कुणाकडे मोठा हौद असेल तर घेऊन जा. सध्या माझ्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत आहे.